रुमालाखाली

मगदूमांच्या आडत दुकानात, सांगलीच्या मार्केट यार्डात,
संगणक नवा आहे, हिशोब जुना.
पायरीपासून पंख्यापर्यंत हळदीची धूळ,
कीबोर्ड पुसला तर बोट पिवळं,
नाही पुसला तर अक्षर दिसत नाही.

"पोरी, चालू कर," बाबगोंडा मगदूम म्हणाले.
एवढंच. जणू मी बटण.

प्रोग्राम शिरगुप्पे मुनीमांचा, एक्याण्णव सालचा.
दिवसा पट्ट्या लिहून रात्री पास्कल शिकलेला माणूस.
फ्लॉपीतून सीडीत, सीडीतून पेनड्राइव्हवर,
पोरकं पोर पाहुण्यांत फिरावं तसा फिरलेला.
शिरगुप्पे आता नाहीत.
कडता कसा धरायचा, तोलाई कुणाला किती,
ते आता कुणाच्याच डोक्यात नाही,
त्या एका फाइलीत आहे, आणि ती उघडून वाचता येत नाही.

मी बसवलेलं लिनक्स सभ्य आहे.
म्हणालं, ही फाइल मला चालवता येत नाही.
भांडलं नाही, पण दारातूनच परत पाठवलं.

मग डॉसबॉक्स.
"म्हणजे काय?"
मी त्यांच्या खांद्यावरचा रुमाल मागून घेतला,
माउसवर टाकला.
पूर्वी सौदा असा व्हायचा ना, काका?
वरून कापड, खाली बोटं, तोंडं दगडाची.
तसंच. आतून जुना प्रोग्राम बोट दाबतो,
बाहेरून नवं मशीन.
दोघांनी एकमेकांचं तोंड बघायची गरज नाही.
"आणि रुमाल कुणाच्या बाजूचा?"
मला उत्तर आलं नाही.

पहिल्यांदा चालवला, पडला.
रनटाइम एरर दोनशे: शून्यानं भागाकार.
पुन्हा चालवला. पुन्हा शून्य.
रात्री विश्रामबागेत, कढी गार होईपर्यंत शोधत बसले.
सुरू होताना तो मोजून बघतो, यंत्र किती पळतंय.
आमचं इतकं पळत होतं
की भागाकार ठेवायला त्याच्याकडे भांडं पुरेना.
शून्यानं कुणी भागलंच नव्हतं.
आळ मात्र शून्यावर.

धाव कमी केली. आणखी कमी. तीन हजारावर आणली.
आणि काळ्या पडद्यावर
चांदण्या टाइप करून काढलेला 'श्री' उभा राहिला,
तीन सेकंद, हलला नाही.
"एवढ्यात त्याची तंबाखू मळून व्हायची,"
मगदूम म्हणाले, पडद्याकडे न बघता.

त्याला वाटतं, मेमरी सहाशे चाळीस केबी,
त्याला वाटतं, मी दिलेला एक फोल्डर म्हणजे अख्खी डिस्क,
पहिल्या पोर्टावर अजून तो करकरणारा प्रिंटर.
मी त्याला काही सांगितलं नाही.
हरिपूरच्या पेवात आधी कंदील सोडायचे म्हणे,
विझला तर माणूस उतरायचा नाही.
मीही आधी एक खोटी पट्टी सोडली:
चार पोती, दर अमुक, नाव कुणाचंच नाही.

कंदील विझला नाही.
पट्टी आली. तोलाई बरोबर, कडता बरोबर,
हमाली शून्य.

सहा पोती घातली, हमाली लागली.
पाच घातली, लागली.
चार: शून्य. तीन: शून्य.
मगदूमांनी चष्मा काढला, घातला.
"पाच पोत्यांच्या आत हा हमाली कापतच नाही?
मग हमालांना कोण देत होतं?"
दुकान, मी म्हटलं. तुम्ही.
"मी?"
तीस वर्षं.

बाहेर टेम्पो मागे घेताना कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे.
मी विचारलं, आतलं बदलता येणार नाही,
पण बाहेर आल्यावर हमाली चढवता येईल,
चार ओळींचं काम आहे. चढवू?

त्यांनी माउसवरचा रुमाल उचलला,
झटकला, पिवळा ढग उडाला,
मान पुसली.
"उद्या सांगतो," म्हणाले.

या गोष्टीला तीन हंगाम झाले.
बिल मात्र त्यांनी त्याच दिवशी दिलं,
आणि ते देताना, सवयीनं, पाच रुपये कापले.